युओनिमसची पानं दरवर्षी पांढरी पडून गळतात? फवारणीआधी बोट लावून बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. जून-जुलैत नर्सरीतून पांढऱ्या किंवा पिवळ्या कडांच्या पानांचं दाट शोभेचं झुडूप, युओनिमस, आणलं, गणपतीपर्यंत झकास होतं. दिवाळीच्या सुमारास पानांवर पांढरं दिसायला लागलं आणि संक्रांतीपर्यंत निम्मी पानं कुंडीभोवती पडली. बुरशीनाशक मारलं, जरा थांबलं. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच.

पुन्हा तेच होतं कारण ‘पांढरं’ हा एक रोग नाही. सातारा-सांगलीकडच्या बागांत युओनिमसच्या पानावर पाच वेगवेगळ्या कारणांनी पांढरं दिसतं. त्यातल्या दोघांवर बुरशीनाशकाचा काडीचाही उपयोग नाही, एकाला औषधच लागत नाही आणि एक तर झाडाचा स्वतःचा रंग असतो. म्हणून पंप हातात घेण्याआधी अंगठा ओला करा आणि पान चोळा.

सहज पुसलं गेलं, बोटाला पिठासारखं लागलं आणि खालचं पान जागोजागी पिवळट दिसलं, तर ती भुरी, म्हणजे पानावर वाढणारी पांढरी बुरशी. नखाने खरवडावं लागलं आणि खरवडल्यावर बारीक टरफल निघालं, तर खवले कीड. पानाच्या बेचक्यात कापसाचे बोळे दिसले आणि चिरडल्यावर चिकट, गुलाबीसर रस आला, तर पिठ्या ढेकूण. पुसूनही जात नाही, नखानेही टरफल निघत नाही, फक्त गोल-गोल डाग दिसतात आणि व्हिनेगरच्या थेंबाने विरघळतात, तर ते बोअरच्या पाण्यातले क्षार. आणि पूर्ण फांदीच दुधासारखी पांढरी, पण पानं गुळगुळीत व स्वच्छ असतील, तर रोग कसलाच नाही. त्या फांदीत हरितद्रव्य नाही इतकंच.

ही पाहणी भिंगाने करा. दहापट मोठं दाखवणारं भिंग स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही भागतं. पानाची खालची बाजू आणि पान देठाला जिथे मिळतं ती जागा बघितल्याशिवाय निदान पुरं झालं असं समजू नका. राख किंवा हळद भुरभुरायची सवय असेल तर ती आधी थांबवा. पांढऱ्यावर राख पडली की काय कशाचं आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

भुरी

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात भुरी म्हणजे काय हे शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. त्यामुळेच एक गैरसमज घट्ट बसला आहे, की शेजारच्या द्राक्षबागेतून भुरी उडून युओनिमसवर येते. तसं होत नाही. दोन्ही भुऱ्या एकाच कुळातल्या, पण बुरशी वेगळी. द्राक्षावरची द्राक्षावर आणि युओनिमसवरची युओनिमसवर. तुमच्या कुंडीतली भुरी आली कुठून, तर बहुतेक वेळा रोपासोबत नर्सरीतून, नाहीतर तुमच्याच गेल्या वर्षीच्या पानांवरून.

दरवर्षी येण्याचं मूळ इथेच आहे. युओनिमस सदाहरित आहे. पानगळीच्या झाडाची रोगट पानं एकदाच झडून जातात आणि रोगाचा मोठा साठा त्यांच्याबरोबर जातो. इथे जुनी पानं वर्षभर झाडावरच राहतात. उन्हाळ्यात भुरी दिसेनाशी होते, संपत नाही. जुन्या पानांवर आणि फांदीच्या डोळ्यांत बसून राहते. पावसाळा सरला, रात्री थंड आणि दिवस कोमट झाले, की कोवळ्या शेंड्यांवर फुलते.

आणखी एक उलटी गोष्ट. करपा, केवडा या रोगांना पान ओलं लागतं. भुरीला लागत नाही. तिचे बीजाणू कोरड्या पानावर रुजतात, फक्त हवेत दमटपणा हवा. उलट पानावर पाण्याची धार पडली तर बरेच बीजाणू धुऊन जातात. म्हणूनच भर पावसात उघड्यावर ठेवलेलं युओनिमस स्वच्छ असतं आणि गच्चीच्या छताखाली, कोपऱ्यात, भिंतीला टेकवून ‘जपलेलं’ युओनिमस पांढरंफेक पडतं. झाड जितकं जपाल तितकी भुरी जास्त, असा हा प्रकार आहे.

इलाजाचं वेळापत्रक द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीशी जोडून लक्षात ठेवा. बागायतदार छाटणीला लागले की तुम्हीही कात्री काढा. मात्र छाटणीची पद्धत वेगळी. मेंदीच्या कुंपणासारखे वरून शेंडे कापू नका. शेंडा कापला की खालून चार-पाच कोवळे फुटवे एकदम येतात, आणि भुरीला कोवळं पानच आवडतं. त्याऐवजी झाडाच्या मध्यातल्या, एकमेकींना घासणाऱ्या, आत वळलेल्या फांद्या बुडापासून काढा. एकूण फांद्यांपैकी पाचवा ते चौथा हिस्सा. छाटल्यावर झाडातून पलीकडची भिंत अधूनमधून दिसली पाहिजे. बारीक पानांची बुटकी जात असेल तर तिच्यात आपोआपच वारा शिरत नाही, तिथे विरळणी जास्त करावी लागते.

छाटलेल्या फांद्या आणि जास्त माखलेली पानं पिशवीत बांधून बाहेर टाका. कुंडीत आच्छादन म्हणून पसरू नका.

मग फवारणी. पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक, 1 लिटर पाण्याला 2 ग्रॅम. दहा-बारा कुंड्यांना 1 लिटर पुरतं. आधी वाटीभर पाण्यात पेस्ट करा, मग उरलेलं पाणी घाला, नाहीतर नोझल तुंबतं. पानाच्या दोन्ही बाजूंना, सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. 8 ते 10 दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या. दोन बंधनं पाळायचीच: हवा 32 अंशांच्या वर असताना गंधक मारायचं नाही, पान भाजतं, आणि तेलाची कुठलीही फवारणी, कडुनिंब धरून, गंधकाच्या आधी-नंतर किमान 15 दिवस नाही. सांगलीत ऑक्टोबरमध्ये दुपारी पारा सहज 32 ओलांडतो, म्हणून त्या महिन्यात गंधकाऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट 5 ग्रॅम प्रति लिटर हा जास्त सुरक्षित पर्याय. ते द्राक्षपट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं. त्याच्या जागी स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा वापरू नका. तो सोडियमचा क्षार आहे, आणि आपल्याकडच्या पाण्यात सोडियम मुळातच कमी नाही.

हेक्साकोनॅझोल 5 टक्के हे बुरशीनाशक, 1 मिली प्रति लिटर, हे शेवटचं हत्यार. ते सलग वापरत राहिलं तर बुरशी त्याला सरावते. मोसमात एकदा, फार तर दोनदा, तेही गंधकासोबत आलटून पालटून. शेतातली उरलेली बाटली ‘अंदाजाने झाकणभर’ ओतण्याचा प्रकार फार चालतो. तसं करू नका, 1 मिली मोजायला औषधाच्या दुकानातली सिरिंज 5-10 रुपयांत मिळते.

यंदा युरिया घातला होता का, हेही आठवून बघा. नत्र जास्त झालं की पान मोठं, मऊ आणि पातळ येतं. 10 इंची कुंडीला पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा 19:19:19 खत 1 ग्रॅम प्रति लिटर, कुंडीला अर्धा लिटर, इतकं भरपूर झालं. सप्टेंबरअखेर ते बंद करायचं.

खवले कीड

हिच्याबाबत सगळ्यात जास्त औषध वाया जातं. पानाच्या वरच्या बाजूला बारीक पिवळे ठिपके, खालच्या बाजूला पांढऱ्या बारीक काड्यांसारखे ठिपके, फांदीवर तपकिरी, शिंपल्यासारखे फुगीर खवले. पांढरे ते नर, तपकिरी त्या माद्या. पांढरा रंग बघून लोक भुरी समजतात आणि गंधक मारत बसतात. फांदी मात्र टोकाकडून वाळत येते.

ही कीड कवचाखाली राहते, जागची हलत नाही. अंडी मादीच्या कवचाखालीच असतात. त्यातून निघालेली पिल्लं तेवढी काही दिवस फिरतात, मग एका जागी सोंड रुतवून कवच बांधून बसतात. औषध लागू पडतं ते या फिरत्या पिल्लांना. ती फिरताहेत की नाही हे कळायला फांदीभोवती दोन्ही बाजूंनी चिकट असलेली टेप गुंडाळा. दर दोन दिवसांनी भिंगाने बघा. पिवळसर, टाचणीच्या टोकाहून बारीक ठिपके चिकटलेले दिसले की फवारणीची वेळ झाली.

त्याआधी हाताने निम्मं काम होतं. जुना टूथब्रश घ्या, 1 लिटर पाण्यात 5 मिली साधा द्रव साबण टाका, आणि फांद्या बुडापासून टोकाकडे घासून काढा. जी फांदी खवल्यांनी पूर्ण मढली आहे ती घासत बसू नका, कापा. दुसऱ्या दिवशी बागकामाचं खनिज तेल 10 मिली प्रति लिटर, किंवा कडुनिंबाचं तेल 5 मिली व द्रव साबण 1 मिली प्रति लिटर. दोन्हींपैकी एकच. आधी चार पानांवर मारून 48 तास थांबा, कारण पांढऱ्या कडांचं पान हिरव्यापेक्षा लवकर भाजतं. फवारणीच्या आदल्या दिवशी झाडाला पोटभर पाणी द्या. आपल्या उष्ण हवेत पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे एका फवारणीत काम होत नाही. 10 दिवसांच्या अंतराने तीन ते चार लागतात.

आता नेहमीची फसगत. चार फवारण्या झाल्या तरी खवले तसेच दिसतात, म्हणून माणूस औषध बदलतो, मात्रा वाढवतो. मेलेल्या किडीचं कवच कित्येक महिने फांदीला चिकटून राहतं. दहा-बारा खवले नखाने चिरडून बघा. पिवळा-नारिंगी ओलावा आला तर जिवंत. कोरडा भुगा झाला तर मेलेले. मेलेले असतील तर औषध थांबवा आणि ब्रशने कवचं झाडून टाका, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तीच फसगत.

मुळाशी इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक ओतण्याचा सल्ला दुकानात हमखास मिळतो. कवच असलेल्या खवल्यांवर तो फारसा चालत नाही. हे औषध झाडाच्या रस वाहणाऱ्या नळ्यांतून फिरतं आणि ही कीड त्या नळ्यांना सोंड लावतच नाही, ती बाजूच्या पेशी रिकाम्या करते. अन्नरस पीत नाही म्हणूनच ती चिकट द्रवही टाकत नाही. पानं चिकट असतील, मुंग्यांची रांग लागली असेल, खालच्या पानांवर काजळी धरली असेल, तर गुन्हेगार दुसरा आहे: पिठ्या ढेकूण, मावा किंवा मऊ खवले. पिठ्या ढेकणांना साबणाचंच पाणी जोराने मारा, आठवड्याला एकदा, तीन वेळा. कुंडीच्या बुडाला मुंग्यांचं घर असेल तर कुंडी विटांवर उचलून आधी ते काढा. मुंग्या आहेत तोवर ढेकूण परत येणार, कारण मुंग्या त्यांची राखण करतात.

खवल्यांच्या आसपास छोटे, काळे, चकचकीत, अर्ध्या मुगाएवढे ढालकिडे दिसले तर फवारणी थांबवा. ते खवलेच खातात.

क्षारांचे डाग आणि करपलेल्या कडा

पाऊस संपला, टाकीतलं बोअरचं पाणी सुरू झालं आणि दोन महिन्यांत पानांवर पांढरे गोल डाग पडले. फवारा वरून मारता म्हणून ते पडतात. पाणी बुडाशी द्या, डाग थांबतील. डागांपेक्षा मातीत साठणारा क्षार जास्त वाईट. युओनिमस जपानात समुद्रकाठी वाढणारं झुडूप आहे, खारा वारा ते सोसतं, चुनखडीचीही त्याला फार तक्रार नसते. पण कुंडीतल्या थोड्याशा मातीत रोज खारं पाणी जिरलं आणि बाहेर गेलंच नाही, तर तेही हार मानतं. वाळवा, मिरज, पलूसकडे कृष्णाकाठची जमीन क्षारपड का झाली, तेच छोट्या प्रमाणात कुंडीत घडतं: पाणी घालतो भरपूर, निचरा करत नाही.

खूण अशी: जुन्या पानांची टोकं आणि कडा तपकिरी, कुंडीच्या काठाला पांढरी पापडी. उपाय म्हणजे धुलाई. 10 इंची कुंडीत साधारण 8-10 लिटर माती मावते. तिच्या दुप्पट, म्हणजे 16-20 लिटर गोडं पाणी सावकाश, तीन-चार टप्प्यांत ओतायचं आणि सगळं बुडातून वाहू द्यायचं. खाली ताटली असेल तर ती काढूनच. पावसाळ्यात भांडंभर पागोळ्यांचं पाणी साठवलं तर उत्तम. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा ही धुलाई करा.

पानं गळतात, पण पांढरं कुठेच नाही

मग मुळं बघा. पानं पिवळी पडून गळताहेत आणि माती मात्र ओलीच आहे, असं असेल तर झाड तहानलेलं नाही, बुडालेलं आहे. कुंडी आडवी करून गोळा बाहेर काढा. निरोगी मूळ फिकट आणि घट्ट असतं. सडलेलं तपकिरी, आणि चिमटीत ओढलं की साल मोज्यासारखी निघून येते.

आपल्याकडे हे दोन वाटांनी होतं. एक, नर्सरीच्या पिशवीतला चिकट लाल मातीचा गोळा तसाच्या तसा काळ्या मातीत बसवला जातो. दोन मातींच्या सांध्यावर पाणी अडतं: कधी गोळ्यात शिरतच नाही, कधी शिरलं तर निघत नाही. लावताना गोळ्याची बाहेरची बोटभर माती हलक्या हाताने मोकळी करा, गोल फिरलेली मुळं सुटी करा. दुसरी वाट म्हणजे कुंडीच्या बुडाला दोन इंच खडी किंवा विटांचे तुकडे भरणं. ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, पण निचरा तिने होत नाही. बारीक मातीतलं पाणी भरड थरात सहज उतरत नाही, ते त्याच्या वरच साठून राहतं आणि मुळांच्या आणखी जवळ येतं. भोकावर एक खापरी झाकली की पुरे.

मिश्रण: लाल माती किंवा नदीकाठचा पोयटा 4 भाग, मुरलेलं चाळलेलं शेणखत 2, जाड वाळू किंवा भाताचा तूस 2, कोकोपीट 1. निव्वळ काळी माती कुंडीत घालू नका. उन्हाळ्यात ती कडेने सुटते आणि घातलेलं पाणी भिंतीलगत सरळ खाली जातं. जमिनीत लावायचं तर काळ्या रानात खड्डा करून चांगली माती भरणं म्हणजे पावसाळ्यात पाण्याची बादली तयार करणं. त्यापेक्षा मुरूम मिसळून 9-12 इंच उंच वाफा करा आणि त्यावर लावा.

सडलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा, एक माप लहान कुंडी घ्या, फांद्याही तिसऱ्या हिश्शाने कमी करा, आणि दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा. कॉपर ऑक्सिक्लोराइड 3 ग्रॅम प्रति लिटरचं पाणी एकदा द्या, किंवा ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी 5 ग्रॅम प्रति लिटर. दोन्ही एकत्र नको, तांब्याने ट्रायकोडर्मा मरतो आणि दोन्हींचे पैसे जातात.

नुकतंच आणलेलं रोप आठ दिवसांत पानं टाकत असेल तर घाबरू नका. शेडनेटखालून थेट गच्चीच्या उन्हात आलं की तसंच होतं. दहा-पंधरा दिवस सावलीत, मग फक्त सकाळचं ऊन. पुढेही चार तास सकाळचं ऊन आणि मार्च ते मेपर्यंत दुपारी 50 टक्के शेडनेट, हे सांगली-मिरजेच्या गच्चीवर लागतंच. सातारा शहरात थोडं सैल चालतं. पाचगणी-महाबळेश्वरला उन्हाची काळजी नाही, तिथे जून ते सप्टेंबर निचरा आणि पानावरचे करप्याचे डाग सांभाळा. जत-आटपाडीच्या उघड्या माळावर युओनिमसचं कुंपण करण्याचा हट्ट मात्र सोडलेला बरा. तिथे मेंदी किंवा ड्युरांटा लावा.

हिरव्या आणि दुधाळ फांद्या

रंगीत युओनिमस म्हणजे हिरव्या आणि रंगहीन पेशींची एकाच पानातली भागीदारी. एखाद्या डोळ्यातून नुसत्या हिरव्या पेशींची फांदी निघाली की ती जास्त अन्न तयार करते, वेगाने वाढते आणि दोन वर्षांत सगळं झाड हिरवं करून टाकते. ती टोकाला छाटून उपयोग नाही, जिथून फुटली तिथूनच काढा. दुधासारखी पांढरी फांदी उलट बाकीच्या झाडावर जगते, तीही काढा. दाट सावलीत हिरवे फुटवे वाढतात, म्हणून कुंडी थोडी उजेडात सरकवा.

छाटताना हाताशी चांगली रंगीत, निरोगी फांदी आली तर 8-10 सेंटिमीटरचे तुकडे करून जून-जुलैत वाळू-कोकोपीटमध्ये लावा, खालची पानं काढून. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. जुनं झाड गेलं तर हाताशी रोप असतं.

लाल न होणारं ‘बर्निंग बुश’

ऑनलाइन फोटोत शेंदरी-लाल दिसणारं रोप इथे तीन वर्षं हिरवंच राहिलं, ही तक्रार आता वाढली आहे. ती युओनिमसचीच, पण पानगळीची, थंड प्रदेशातली जात. तिला लांब, कडक हिवाळा लागतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठतं खरं, पण दुपारी पुन्हा ऊब येते. तेवढ्याने भागत नाही. यावर खत किंवा औषध नाही. युरोपातली गुलाबी फळांची जातही तशीच. तिच्या कठीण लाकडाच्या सूत कातायच्या चात्या करत, त्यावरून तिचं ‘स्पिंडल’ हे इंग्रजी नाव पडलं. तसं फळ बघायचंच असेल तर आपली मालकांगोणी बघा. ती याच कुळातली, फळ उकललं की आत तसंच नारिंगी-लाल आवरणातलं बी दिसतं, आणि सह्याद्रीत ती आपसूक वाढते.

युओनिमसची पानं आणि फळं पोटात गेली तर विषारी आहेत. रांगतं मूल, कुत्रा किंवा शेळी असेल तर कुंडी उंचावर ठेवा आणि छाटणीच्या फांद्या गोठ्याकडे टाकू नका.

शेवटी एक असा दोष, ज्याला इलाज नाही. खोडाच्या बुडाला, मातीच्या रेषेवर, खडबडीत, लाकडासारख्या गाठी आल्या असतील तर तो जिवाणूंचा गाठीरोग आहे. गाठ कापली तरी पुन्हा येते. झाड मातीसकट काढा, ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका, आणि त्याच कात्रीने गुलाब छाटण्याआधी पाती 70 टक्के स्पिरिटने पुसून घ्या. हा रोग गुलाबालाही होतो.